तिकडची फीत, इकडचं यंत्र

मुकुटबनचा तांडा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेम,

आशीर्वाद. ते एकदा दिले की बापाला मागं घेता येत नाहीत, म्हणून आहेत असं समज.

फोन सोडून हा कागद का काढला, असं तुला वाटेल. फोनवर मी काही म्हटलं की तू 'हो बापू, बघतो' म्हणतोस आणि मागून मोटारीचं दार लागल्याचा आवाज येतो. कागदाला 'हो बापू' म्हणून वाटेला लावता येत नाही. तो टेबलावर पडून राहतो आणि येता-जाता डोळ्यांत खुपतो. तिकडच्या टेबलांवर कागद पडू देतात की नाही हे मला ठाऊक नाही. पाठवून पाहतो.

आधी चांगली बातमी. आपल्या उज्ज्वलाच्या लेकीचं, वर्षाचं लग्न जमलं. मुलगा पुसदकडच्या तांड्यातला, वनखात्यात आहे, बोलायला कमी आणि जेवायला बरा. तुझ्या आईला जेवणारा माणूस आवडतो, त्यामुळं अर्धं काम ताटावरच झालं. लग्न वैशाखात. तू मामा आहेस. मामानं काय काय करायचं असतं ते मी लिहीत बसत नाही. यायचं असतं, एवढं पुरे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. कॅसेटसाठी आहे.

उज्ज्वलाच्या लग्नाला तू तिकडून व्हिडिओचा कॅमेरा घेऊन आला होतास. पोरं तुझ्यामागं अशी फिरत होती की नवरदेव कोणता, याचा वऱ्हाडाला घोटाळा झाला. परत गेल्यावर तू त्याची कॅसेट करून पार्सलनं पाठवलीस. आपण वणीहून व्हीसीआर भाड्यानं आणला, अंगणात मांडला, सगळा तांडा गोळा केला. आणि लागलं काय? चित्राच्या नुसत्या पट्ट्या, आणि आवाज असा की म्हशीला गाळात बसल्या बसल्या गाणं सुचलं. उज्ज्वला तेव्हा माहेरपणाला आली होती. स्वतःचा आवाज ऐकून पोट धरून हसली. "बापू, सासरी मी गेलते का आपली म्हैस गेलती?" म्हणाली. सगळे हसले. कॅसेट पेटीत गेली. जिचा आवाज होता ती बाई घरात हिंडतेय, तर फितीला कोण विचारतो?

तिनं डोळे मिटल्यावर पुन्हा एकदा लावून पाहिली. तसलंच यंत्र, तोच आवाज. त्या वेळी कोणी हसलं नाही. तुझी आई उठून गोठ्यात गेली आणि शेण नसलेला गोठा झाडत बसली.

पुढं तू आलास तेव्हा म्हणालास, "याडी, ही तिकडच्या यंत्रावर नीट लागते. मी उतरवून आणतो." (तेव्हा तू आईला याडीच म्हणत होतास.) तिनं ती फडक्यात बांधून तुझ्या हातात दिली. तेव्हापासून ती तुझ्याकडं आहे.

ती इथं का लागत नाही हे मला परवा कळलं. मुकुटबनला धर्मपाल आहे, डिश बसवून देतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, इकडची वीज सेकंदाले पन्नास हेलकावे खाते, तिकडची साठ. ज्यानं त्यानं आपल्या घरच्या विजेच्या तालावर टीव्ही बांधला. इकडं सेकंदाले पंचवीस चित्रं, तिकडं तीस. रंगाची रीतबी वेगळी. अन् फीत तिकडं जोरात पळते, इकडं दमानं. मंग तिकडची फीत इकडं टाकली का बाई बाप्यासारखी बोलणारच." दोन्हीकडचं वाचणारी यंत्रंही तेव्हा मिळायची म्हणे, आखातातून आलेल्या लोकांच्या घरी असायची. आपल्याला कोण सांगणार?

मी म्हटलं, म्हणजे गाड्यांच्या चाकोरीसारखं झालं. एका गावच्या गाडीची चाकं रुंद, तर तिथल्या पांदणीत चाकोऱ्याही रुंद पडतात. दुसऱ्या मुलखाची गाडी त्यात घातली की एक चाक खाली, एक वर, आणि आतली गर्भारीण रडते. आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून फिरले, त्यात एक सुख होतं. बैलाला चाकोरी लागत नाही. धर्मपाल हसला. म्हणाला, आता तुमच्या बैलासारखंच झालं आहे. तिकडच्या दुकानात कॅसेट दिली की फोनमध्ये घालून देतात, मग ते जगात कुठंही लागतं.

तेव्हा ते कर.

का, तेही सांगतो. तुला ढावलो आठवतो ना? सासरी निघालेली पोर एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते, तो. परक्याला वाटतं ती रडते, पण ती गात असते. चाल तांड्याची, शब्द मात्र तिचे तिनं जुळवायचे. आईला काय म्हणायचं, बापाला काय, भावाला काय. उज्ज्वलासारखा ढावलो आपल्या तांड्यात पुन्हा कोणी धरला नाही. हे मी बाप म्हणून म्हणत नाही, लालीबाई म्हणते, आणि लालीबाई कोणाचं चांगलं म्हणत नाही.

वर्षाला आईचा चेहरा फोटोपुरता ठाऊक आहे. आवाज मुळीच नाही. दोन वर्षांची होती. परवा तिनं तुझ्या आईला विचारलं, "नानी, याडी निघताना काय म्हणलती?" तुझी आई कापूस वेचून आली होती, ओटीतला कापूस काढत होती. म्हणाली, "मी तिले काय म्हणलं ते ध्यानात हाय. तिचं तिच्यासंगं गेलं."

संगं गेलेलं नाही. तुझ्याकडं आहे. वर्षाला तो एकदा ऐकायचा आहे, स्वतः निघायच्या आधी. दुसरं काही तिनं मागितलेलं नाही. मी विचारलं होतं.

तुझा बाप,
हिरासिंग


मुकुटबनचा तांडा
२९ डिसेंबर २०२४

चि. प्रेम,

मी कॅसेट मागितली होती. टीव्ही आला.

तुझा तो मित्र भला माणूस. तिकडचं घर मोडून कायमचा नागपूरला आला, म्हणून त्याच्या सामानातला टीव्ही तू आमच्या नावानं उतरवून घेतलास, हे त्यानं टेम्पोवाल्याच्या हाती चिठ्ठी देऊन कळवलं. टीव्ही दोघांनी धरून आत आणला. दारातून आडवा करून घ्यावा लागला. तुझ्या आईनं त्याला कुंकू लावलं, कारण दारात आलेल्या नव्या जनावराला आपण लावतो.

पुढचं ऐक. धनसिंग पीन घालायलाच निघाला होता. तुझा चुलतभाऊ आहे, त्याला कोणत्याही भोकात पीन घालायची घाई. नशिबानं धर्मपाल आलेला होता. त्यानं मागची पाटी वाचली आणि धनसिंगचा हात धरला. हा एकशेवीसचा, आपल्या भिंतीत दोनशेतीस. घातली असती तर टीव्हीची होळी झाली असती. त्यानं वीज उतरवायचा डबा आणून दिला, तो रेड्यासारखा घुमतो. मग टीव्ही लागला. दिवा लागला, इंग्रजी अक्षरं आली, सगळे खूश. मग आपल्या डिशचा डबा जोडला. पडदा काळा. त्यावर ओळ आली. वर्षानं वाचली, हा सिग्नल इथं चालत नाही.

धर्मपालनं सगळ्या तारा काढून पुन्हा लावल्या, डबा बदलून पाहिला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "काका, तेच रडगाणं. डबा पन्नासवर देते, याले साठवर पायजे. काही टीव्ही दोन्ही खातात. हा खात नाही." इंटरनेटवरचं खातो म्हणे. आपल्याकडं इंटरनेट टेकडीवर चढलं तर येतं, आणि टीव्ही घेऊन टेकडी चढेल असा गडी तांड्यात नाही.

लालीबाई पाहायला आली होती. काळ्या पडद्यात स्वतःलाच न्याहाळून तुझ्या आईला म्हणाली, "पोरानं आरसा धाडला वं सुखी. वेणी घालाले बरा हाय." तुझी आई हसली, मग आत गेली.

प्रेम, टीव्ही वाईट नाही. तुझं मनही वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण तहानलेल्यानं पाणी मागावं आणि घरधन्यानं त्याला नवी घागर द्यावी, तसं तू करतोस, आणि वर वाटही पाहतोस की तो घागर वाजवून दाखवेल. आम्ही फोनवर 'छान आहे' म्हटलं ते याच कारणानं. आज खरं लिहिलं.

कॅसेट.

तुझा बाप


मुकुटबनचा तांडा
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेम,

काल तुझा फोन आला. आज मुद्दाम लिहितो, कारण रागाचीच पत्रं लिहायची आणि चांगली गोष्ट फोनवर संपवायची, हे काही बरं नाही.

कॅसेट सापडली. मोटार ठेवायच्या खोलीत, तुझ्या ओमच्या लहानपणच्या खेळण्यांखाली, फडक्यात तशीच बांधलेली. फडक्याची गाठ आईच्या हातची होती असं तू म्हणालास आणि क्षणभर गप्प झालास. मी ते ऐकलं. बाप म्हातारा झाला तरी गप्प बसणं ऐकू येतं.

दुकानात दिलीस, हे चांगलं केलंस. ओम आता कॉम्प्युटरवर असली कामं करतो, तो नीट लावून देईल, हेही ऐकून बरं वाटलं. त्या पोरानं आत्याला पाहिलंसुद्धा नाही. निदान या निमित्तानं पाहील. त्याला सांग, आजोबा खूश आहेत. सतरा वर्षांचा झाला म्हणजे मिशी फुटली असेल. आपल्या घराण्यात मिशी लवकर येते आणि अक्कल उशिरा. माझी अजून वाटेत आहे.

इथं तूर मळून झाली. वर्षा दिवसातून दहादा फोन पाहते. नवऱ्याचा फोन येतो म्हणून पाहते असं बायका तिला चिडवतात. ती कशासाठी पाहते ते तिला आणि मला ठाऊक. तुझ्या आईनं चाल धरून दाखवायचं अजून मनावर घेतलेलं नाही. म्हणते, आधी तिचा येऊ दे, मग मी माझा म्हणते. उज्ज्वला गेल्यापासून तिनं गळा उघडलेला नाही. जात्यावर नाही, लग्नात नाही. तू आलास तेव्हाही नाही. तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

आम्ही वाट पाहतो आहोत.

तुझा बाप


मुकुटबनचा तांडा
१६ मार्च २०२५

प्रेम,

व्हिडिओ आला.

काय झालं ते सगळं सांगतो. तू फोनवर मला मधेच तोडलंस. कागदावर तोडता येणार नाही.

फोनच्या पडद्यावर काय दिसणार, म्हणून धर्मपालनं स्वतःच्या दुकानातला टीव्ही स्कूटरवर बांधून तांड्यात आणला. इथलाच, पन्नासचा. तुझा व्हिडिओ त्यानं पेनड्राईव्हमध्ये घातला आणि काही अडथळा न येता लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ना पट्ट्या, ना म्हैस. धर्मपाल माझ्याकडं पाहून म्हणाला, "पाहा काका, आता कुठं काही अडत नाही."

अंगणात बायका बसल्या होत्या. वर्षा पुढं, तुझी आई तिच्या मागं. आणि उज्ज्वला आली. फेटिया-कांचळी घातलेली, आरसे लखलखणारी. तुझ्या कॅमेऱ्याचे रंग खरंच चांगले होते, बाबा. तिच्या गालावरचा तीळ दिसला. ती आईच्या गळ्यात पडली, मान मागं टाकली, तोंड उघडलं.

आणि पेटी वाजली.

पेटी, बासरी, आणखी कसली कसली वाद्यं. सिनेमात पाऊस पडताना वाजतात तसली. उज्ज्वलाचं तोंड हलतंय, आईचं तोंड हलतंय, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात, आणि वर बासरी. खाली इंग्रजीत तिचं नाव फुलाफुलांनी लिहिलेलं. वर्षाला वाटलं यंत्र बिघडलं. तिनं आवाज वाढवला. बासरी वाढली. धर्मपालनं मागची तार हलवून पाहिली. लालीबाई मोठ्यानं म्हणाली, "पोरगी तोंड उघडते अन् बेंजो वाजते, हे काय वं?"

वर्षानं तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ती टीव्हीच्या इतक्या जवळ गेली की नाक लागलं. ओठ वाचत होती. मला म्हणाली, "नाना, इथं 'अंगण' म्हणली का?" मी काय सांगू? तुझ्या आईनं पाहिलं, 'हो, अंगणच' म्हणाली, आणि ते खरं होतं की पोरीचं मन राखायला म्हणाली, ते मी तिला विचारलेलं नाही.

मग मी तुला फोन लावला. तू सांगितलंस, ओमला ते ऐकवेना, आत्या आणि आजी इतक्या रडतायत, म्हणून त्यानं छान संगीत घातलं. ठीक. ओमवर माझा राग नाही. त्यानं आयुष्यात ढावलो ऐकला नाही, त्याला ते रडणंच वाटणार. पोरानं आपल्या परीनं आजीचे डोळे पुसले. त्याला माझे आशीर्वाद सांग, आणि याबद्दल त्याला एक शब्द बोलू नकोस.

पण तुला तर ठाऊक होतं. तू म्हणालास, "बापू, इथं लोकांना दाखवायचं म्हणजे ती रडारड बरी वाटत नाही. मित्र विचारतात, तुमच्याकडं मुलीला जबरदस्तीनं देतात काय? किती जणांना समजावून सांगू?"

कोणाला समजावायला सांगितलं होतं? आम्ही मागितला होता. तिच्या लेकीनं मागितला होता. तिकडच्या मित्रांना दाखवायला निराळा करायचास, त्यात बासरी घाल नाहीतर तोफा घाल. आम्हाला पाठवताना तुझ्या मनात एकदाही आलं नाही, की इकडं ढावलो ऐकणारी माणसं आहेत?

मी म्हटलं, बरं, मूळ आवाजाचा पाठव. तू म्हणालास, तो ठेवला नाही, जागा फार खात होता. मी म्हटलं, मग कॅसेट. तू म्हणालास, ती दुकानवाल्यालाच टाकून द्यायला सांगितली, आता कॅसेटचं काय काम. फडकं तेवढं ठेवलं आहेस म्हणे. पाठवू का म्हणून विचारलंस.

प्रेम, पूर्वी तुझ्या देशाची वीज आणि माझ्या देशाची वीज जुळत नव्हती. त्याला तू काय करणार आणि मी काय करणार? मी कधी तक्रार केली नाही. ती कॅसेट म्हशीसारखी ओरडायची, पण आत उज्ज्वला होती, आणि ती आत आहे एवढं आम्हाला ठाऊक होतं. तू ती स्वच्छ करून पाठवलीस.

आता एकच मागणं आहे. त्या दिवशी ती तुझ्याही गळ्यात पडली होती. "भिया, ते यंत्र खाली ठेव" म्हणाली, तू ठेवलं नाहीस, एका हातानं वर धरलंस. तिनं तुझ्या कानाशी तोंड नेऊन गायलं. आम्हाला कोणाला ते नीट ऐकू आलं नाही, डफ वाजत होता. तेवढं तुझं एकट्याचं आहे. ती तुला काय म्हणाली ते आठवून लिही. चार शब्द असतील तर चार. मोडके असतील तर मोडके. वर्षाला आईच्या तोंडचं काहीतरी देऊ.

हिरासिंग


मुकुटबनचा तांडा
२० एप्रिल २०२५

प्रेम,

तुझा मेसेज वर्षाच्या फोनवर आला. मला वाटलं होतं माझ्या पत्राचं उत्तर मला येईल. तिनंच वाचून दाखवला. 'खूप वर्षं झाली, नक्की आठवत नाही, असंच काहीतरी होतं, सुखी राहा वगैरे.'

उज्ज्वला आणि 'सुखी राहा वगैरे'? ती 'वगैरे' म्हणणारी बाई नव्हती. तुला भाजी कमी वाढली तर भांडायची ती. निघताना तुला तिनं नक्कीच काहीतरी सुनावलं असणार. आठवत नाही असं होत नाही. मला ते सांगायचं नाही, असं लिहिलं असतंस तरी मी समजलो असतो. गळ्यात पडून पोर भावाला जे म्हणते ते भावाचं असतं. पण मग तसं लिही.

फोन खाली ठेवून वर्षानं पापड उलटले.

तू येत नाहीस हे त्याच मेसेजात खाली होतं. कामाची अडचण, कागदपत्रांची अडचण. उज्ज्वला गेली तेव्हाही कागदपत्रं होती. तुझी कागदपत्रं फार दमदार आहेत, बाबा, आपल्या घरात त्यांच्याइतकं कोणी टिकलं नाही.

मामाच्या जागी धनसिंग उभा राहील. आहेर तू पाठवलास तो पोचला, वर्षाला साड्या आवडल्या. लग्न फोनवरून सगळं दाखवा म्हणतोस. ते त्या वेळी पाहू.

तुझी आई विचारते, तिकडं आता ऊन आहे की थंडी. एवढं तिला कळव.

हिरासिंग


मुकुटबनचा तांडा
१२ मे २०२५

प्रेम,

लग्न पार पडलं. ऊन असं होतं की मांडवातल्या खुर्च्यांना हात लावता येत नव्हता. वर्षाचा बाप आला, दुसरी बायको-पोरं घेऊन आला, नीट वागला. जेवण पुरलं. व्याह्यांना आपली आमटी तिखट लागली, ते डोळे पुसत जेवत होते आणि छान आहे म्हणत होते. माणसं चांगली आहेत.

तुझा निरोप मिळाला, फोन का नाही लावला, व्हिडिओ पाठवा. त्याचं उत्तर हे.

निघायची वेळ झाली तेव्हा मी डीजेवाल्याला बंद कर म्हटलं. तो म्हणाला, "काका, बिदाईचं गाणं हाय ना माह्याजवळ, रडू येते असं." त्याचा काय दोष? मी तारच काढली. मांडव एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला. धनसिंगनं तुला लावायला फोन बाहेर काढला होता. मी म्हटलं, खिशात घाल. सगळ्यांनीच घाला. वऱ्हाडातल्या एक-दोघांना ते आवडलं नाही, पण घातले.

वर्षाला काय येतं, काय नाही, मलाही ठाऊक नव्हतं. व्हिडिओ आल्यापासून तिनं हा विषय काढला नव्हता. ती तुझ्या आईच्या गळ्यात पडली. आधी नुसता श्वास ऐकू आला. बायका थांबून राहिल्या. मागून लालीबाई म्हणाली, "म्हण वं माय. तुयंच म्हण."

मग तिनं 'याडी' म्हणून हाक मारली आणि धरलं. चाल आपली होती, किंचित चढी. तिला इतका उंच गळा आहे हे मला घरात राहून कळलं नव्हतं. ती उज्ज्वलाला म्हणाली, तुझं तोंड हललेलं मी पाहिलं, तू काय सांगत होतीस ते मला कोणी सांगेना, जाऊ दे, आता तू गप्प राहा, मी सांगते, तू ऐक. असं म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली. शाळेत जाताना घालायची वेणी कोणी घातली, ताप आला तेव्हा कोण जागलं, पहिला पगार कोणाच्या हातात दिला. सगळं. वऱ्हाडातला गलका थांबला.

तुझ्या आईनं तिला उत्तर दिलं. हो, गायली. आवाज आता फाटका आहे, पण जागेवर आहे. मधे एकदा वर्षा म्हणण्याऐवजी उज्ज्वला म्हणाली. कोणी सुधारलं नाही. वर्षानंही त्या नावाला ओ दिली.

मग ती एकेकाकडं गेली. बापाकडं गेली, त्याला दोन शब्द सुनावले आणि त्याच्याच खांद्यावर रडली. माझ्याकडं आली. मला काय म्हणाली ते माझं आहे, ते मी लिहीत नाही.

माझ्यानंतर मामा. धनसिंग नवा फेटा बांधून तुझ्या जागी उभा होता, दोन्ही हात पुढं करून. बायकांना वाटलं, आता ही मामाची सालटी काढते. ढावल्यात तेवढी मोकळीक असते, न आलेल्याला हवं ते बोलून घ्यावं. लालीबाईनं तर नीट ऐकू यावं म्हणून पदर कानामागं खोचला. वर्षा धनसिंगसमोर उभी राहिली. वाकून त्याच्या पाया पडली. गळ्यात पडली नाही. तोंड उघडलं नाही. आणि पुढच्या माणसाकडं गेली, तिथं पुन्हा धरलं.

धनसिंग थोडा वेळ तसाच उभा होता. मग त्यानं हात खाली घेतले.

मला वाईट वाटलं, प्रेम. तुझ्यासाठी वाटलं, खोटं कशाला सांगू? तिनं तुला शिव्या घातल्या असत्या तर मी आज आनंदानं लिहून पाठवल्या असत्या. शिव्या घरच्याला घालतात.

व्हिडिओ नाही. कोणाकडं मागू नकोस, कोणी काढलेला नाही. ज्यांना ऐकायचं होतं ते मांडवात उभे होते.

हिरासिंग